वर देवाचं नाव

नंदीश कलशेट्टीला थकायला हल्ली काही कारण लागत नसे. तो सकाळी उठायचाच थकलेला. होटगी रोडवरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळायची, पोरांनी उपटलेल्या वायरी दिवसभर जोडायच्या, आणि घरी येऊन पाहावं तर पुन्हा कॉम्प्युटरच समोर. तोही असला, की घरातल्या कुणाला त्याचा कवडीचा उपयोग नाही!

त्या मशीनची गोष्ट अशी. जगात काही हजार माणसं आपापल्या जागी अशी मशीनं कायम चालू ठेवतात. कुणाला आपला ठावठिकाणा कळू न देता काही वाचायचं असेल, कुठं काही कळवायचं असेल, तर त्याचा निरोप अशा तीन अनोळखी मशीनांतून हातोहात पुढं जातो. पहिल्याला पाठवणारा ठाऊक, पण निरोप कुणीकडं चाललाय ते ठाऊक नाही. शेवटच्याला ठिकाण ठाऊक, पण पाठवणारा कोण याचा पत्ता नाही. आणि मधल्याला यातलं काहीच माहीत नसतं. नंदीश हा मधला. तीन भावांतही तो मधलाच होता, त्यामुळं न विचारता ओझं वाहायची सवय त्याला लहानपणापासूनची.

हे खूळ डोक्यात शिरलं ते कॉलेजातल्या एका व्याख्यानात. पाहुण्यांनी विचारलं, असं मशीन कोण चालवील? प्राध्यापक मंडळी छताकडं बघू लागली. प्रोजेक्टर सांभाळायला बसलेल्या नंदीशनं हात वर केला. बाबा रे, केलास ना हात वर? मग भोग आता!

भोगायचं म्हणजे किती? शेजारी यंत्रमाग. त्याची कापसाची लव उडून मशीनच्या पंख्यात अडकायची आणि नंदीश दर सुट्टीला जुन्या टूथब्रशनं ती काढत बसायचा. उन्हाळ्यात खोलीत आधीच भट्टी, त्यात हे मशीन गरम श्वास सोडणार. ते बंद पडलं की त्याची या मशीनांच्या जाळ्यातली पत घसरायची. पुन्हा भरवसा बसायला आठवडे जायचे. त्यात काही वेबसाइटींना या घराचाच संशय यायचा. महानंदानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, गॅस नोंदवायला फोन हातात घेतला की पान उघडायचंच नाही.

"लोकांचं तोंड झाकायला निघालाय, आणि आपल्या घरातली चूल बंद," ती म्हणायची. "साकु झालं आता ह्ये!" साकु म्हणजे कानडीत पुरे. महानंदा अक्कलकोटकडची, राग आला की तिची कानडी वर यायची.

पण खरं भांडण प्लगचं. मोठ्या पिनेचा सॉकेट घरात एकच. त्याला बोर्ड लावून नंदीशनं मशीन आणि इंटरनेटचा डबा दोन्ही जोडलेले. आणि पाण्याच्या मोटरीलाही तोच सॉकेट लागायचा. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येणार, तेही कधी येईल याचा नेम नाही, आणि मोटर लावल्याशिवाय थेंब वर चढत नाही. गल्लीत "पाणी आलं!" अशी आरोळी उठली की महानंदा धावत यायची, बोर्डाची पिन उपटायची आणि मोटरीची खुपसायची. जगातले निरोप गेले खड्ड्यात! वायरमन ईरप्पाला दुसरा सॉकेट काढायला सांगून झालं होतं. तो "येतो की" म्हणून गेला तो गेलाच.

नंदीशनं एकदाचं ठरवलं, बास, बंद करायचं. आपण कुणासाठी हमाली करतोय तेही कळत नाही, आणि कुणी धन्यवाद म्हणायला यायचं नाही. तसं ठरवलं आणि त्याच रविवारी दुपारी काव्या आली.

काव्या त्याच्या थोरल्या बहिणीची मुलगी, मुलींच्या एका खासगी वसतिगृहात क्लार्क. आली ती पाणीसुद्धा न पिता आतल्या खोलीत शिरली.

"मामा, तुमच्या त्या जाळ्यावरनं नाव न कळता लिहिता येतं म्हणं?"

वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेच्या सेक्रेटरीचा मेहुणा तपासणीच्या नावाखाली वाटेल तेव्हा मुलींच्या मजल्यावर शिरत होता. पोरी आतून दाराला कॉट लावून झोपत होत्या. वॉर्डनबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, तोंड मिटून ऱ्हावा. पुण्याच्या एका महिला संस्थेनं अशा तक्रारींसाठी याच जाळ्यावर पेटी ठेवल्याचं काव्याला कळलं होतं.

नंदीशचा थकवा क्षणभर कुठच्या कुठं पळाला. त्यानं आपला लॅपटॉप तिच्यापुढं ठेवला, सगळं जोडून दिलं, पेटी उघडून दिली. म्हणाला, "तू कुठनं लिहितीस ते कुणाच्या बापाला कळायचं नाही." आणि उठून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसला. मधल्यानं बघायचं नसतं, हे त्याचं व्रत.

तेवढ्यात गल्लीत आरोळी उठली. महानंदा आली, पिन उपटली. डब्याचे दिवे विझले.

"मामी, माझं अर्धं झालंय!"

"थांब की गं जरा. पाणी थांबतंय व्हय?"

मोटर घरघरत राहिली. काव्या अर्धवट मजकुरापुढं बसून राहिली आणि तिला वाटलं, बरोबर आहे, अडणारच. वर देवाचं नाव घातलंच नाही! तिच्या घरात किराणाची चिठ्ठीसुद्धा त्याशिवाय सुरू होत नसे. तिनं सगळ्यात वर लिहिलं, ॥ श्री गवीमल्लय्या प्रसन्न ॥. हा त्यांच्या लहानशा गावचा देव. पलीकडच्या गावातही कुणी त्याला ओळखत नाही. मग दिवे लागले आणि तक्रार बिनबोभाट गेली. काव्या हात जोडून हसली.

जाळ्यानं आपलं काम चोख केलं. पेटीतून तक्रार चौकशीला गेली आणि चौकशी करणाऱ्या कुणा शहाण्यानं ती जशीच्या तशी सेक्रेटरीच्या टेबलावर नेऊन ठेवली. सेक्रेटरीनं वरची ओळ वाचली. उठला, खिडकीतून खाली पाहिलं. खाली काव्याची स्कूटी उभी होती आणि स्कूटीच्या पुढच्या पत्र्यावर लाल अक्षरांत तीच ओळ होती.

"उद्यापासून येऊ नका," एवढंच तो म्हणाला. आणि गावभर सांगत सुटला, की क्लार्कबाईनं राग काढलाय, मुलींची काही तक्रार नाही. मेहुणा पुन्हा जिना चढायला मोकळा.

"अगं, मी तुझी वाट तीन मुलखांतनं लपवली, आणि तू देवाचं नाव लिहून बसलीस?" नंदीश ओरडला.

"चुकलं मामा," काव्या रडत म्हणाली. "पण देवाचंच नाव घेतलं की. वाईट काय केलं?"

चीड त्याला तिची नव्हतीच, स्वतःची होती. एकदा, फक्त एकदा शेजारी बसून वाचलं असतं तर पोरीची नोकरी गेली नसती. मोठा व्रत सांभाळणारा! त्यानं मशीन बंद केलं आणि त्यावर जुनी सोलापुरी चादर टाकली. महानंदाचा गॅस लगेच नोंदवला गेला, पण तीही खूश दिसली नाही. पुढं एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "मी पिन उपटली नसती, तर तिला ते सुचलं नसतं." नंदीश म्हणाला, "जाऊ दे." पण दोघांच्याही मनातून ते गेलं नाही.

पावसाळा उलटून गेल्यावर काव्या परत आली. सोबत वसतिगृहातली एक मुलगी, करमाळ्याकडची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. उत्कर्षा तिचं नाव.

"ही स्वतः लिहिती म्हणतीय," काव्या म्हणाली. "पण हिनं लिहिलंय हे कळलं, तर वडील शिक्षण सोडवून घरी नेतील."

नंदीशनं चादरीकडं पाहिलं. "माझ्याच्यानं आता होत न्हाई गं. लई दमलोय."

उत्कर्षा ओढणी सावरून उठली. "चला ताई," म्हणाली. ती इतक्या सवयीनं उठली, जणू सगळ्याच दारांतून ती अशीच परत जात आली होती. नंदीशला ते सोसवेना.

"बस," तो म्हणाला.

तिचा निरोप जायला त्याचं मशीन लागतच होतं असं नाही. दुसऱ्या तिघांची लागली असती. पण लोकांच्या विहिरीवर पाणी भरायचं आणि आपली बुजवून ठेवायची, हे त्याला पटेना. त्या तिघांच्या पंख्यातही कचरा अडकत असेलच की! त्यानं चादर काढली, टूथब्रशनं पंखा झाडला आणि मशीन सुरू केलं.

आणि या वेळी तो शेजारी बसला. उत्कर्षानं पहिली ओळ लिहिली, ॥ श्री कमलाभवानी प्रसन्न ॥. ही करमाळ्याची देवी. काव्यानं त्याच्याकडं पाहिलं.

नंदीशनं स्वतःच्या बोटानं ते नाव पुसलं. घरात रोज विभूती लावणारा माणूस तो. "आई, रागावू नको," तो पुटपुटला. मग मुलीला म्हणाला, "नाव मनात घे. तिला ठाऊक हाय कोण लिहितंय ते. बाकी कुणाला कळायला नको."

मग एकेक ओळ त्यानं वाचली. तिच्या खोलीची खूण काढली, तिच्या गावचा शब्द बदलला. ती पाठवायला बसली, आणि बाहेर आरोळी उठली.

"पाणी आलं!"

महानंदा मोटरीची पिन घेऊन दारात आली. हौदाचा तळ दिसत होता आणि आजचं पाणी गेलं की पुन्हा चार-पाच दिवस बघायला नको. सवयीनं नंदीशच पुढं झाला. "थांब, काढतो."

"हात लावू नका त्याला!" ती खेकसली. पिन जमिनीवर टाकून तिनं घागर उचलली आणि मोटरीशिवायही बारीक धार येणाऱ्या खड्ड्यातल्या नळापाशी जाऊन वाकून बसली. काव्या दुसरी घागर घेऊन तिच्यामागं गेली.

नंदीश बाहेर आला तेव्हा नळ थांबला होता. दोन घागरी आणि एक बादली, एवढंच पाणी मिळालं होतं. महानंदा कमरेवर हात ठेवून कशीबशी उभी राहिली.

"गेलं का तिचं?"

"गेलं."

"मग बास," ती म्हणाली. "आंघोळी तेवढ्या बंद. आणि ते मशीन आता चालूच ऱ्हाऊ द्या."