गोचिडाची बादली आन् माह्या टाक्यातले शिंपले
"मामाजी, ते बादली नोका बुडवू!" मी ओट्यावरूनच बोंबलली. पन तोवर बादली टाक्यात गेलती.

पोळ्याची सकाळ. माहे सासरे बैल धुऊन राह्यले होते. आंदी त्या बादलीत गोचिडाचं औषध कालवलं, बैलाच्या आंगाले चोळलं, आन् आता तेच बादली न धुता टाक्यात. त्या टाक्यात माहे मोत्याचे शिंपले, जाळीच्या पिशव्यात टांगलेले. नववीत शाळा सुटली माही. हा माहा पयला धंदा.

"आवं, दोन बादल्यानं काय होते? येवढं मोठं टाकं!"

मी लेकराले काखेत मारून धावली. शिंपला दिवसभर पानी आत ओढते, त्यातलं बारीक हिरवं शेवाळ खाते, पानी भाईर सोडते. म्हंजे पान्यात जे पडलं ते त्याच्या पोटात. मंग?

पिशवी वर ओढली. सारे गच्च मिटलेले. भेला का शिंपला मिटते. उघडाच राह्यला, बोट लावूनबी मिटला नाही, म्हंजे मेला.

मोत्याच्या ट्रेनिंगवाल्या सरले फोन लावला.

"ताई, आधी सगळे बाहेर काढा. ओल्या पोत्यात, सावलीत ठेवा. मिटलेला तग धरतो. टाकी धुवा, शेजारच्या शेततळ्याचं हिरवं पाणी भरा."

इकडं मामाजीची बादली परत खाली चालली.

"मामाजी, थांबा ना!"

"एका बैलाचे पाय राह्यले. आज पोळा हाय सूनबाई, देवाले अर्धा धुऊन ठेवू काय?"

शेजारचे लोकं उभे राहून पाहून राह्यले. म्या बादली हिसकली. बैल नेऊन खुट्याले बांधला. डोक्यावरचा पदर पडला, तो उचलाले टाइम नोता.

"सरका म्हनलं ना!"

शिंपले ओल्या पोत्यात काढले, टाकं धुतलं, शेततळ्याचं पानी भरलं. थोडे मेले, वास सुटला. बाकीच्यायनं दुसऱ्या दिवशी नव्या पान्यात हळूच तोंड उघडलं. मी तिथंच बसून रडली. शिंपला कडेकडेनं वाढते. आता त्यायच्या कडेले एक काळी रेघ हाय. सर म्हने, तवा वाढ थांबली होती, त्याची निशानी हाय ते.

औषधाची बादली येगळी ठेवावी, येवढंच शिकली मी.

पोळ्याच्या सांजीले आमचा बैल मळक्या पायानं गावच्या तोरनाखाली गेला. लोकं हासले. तवापासून मामाजी माह्याशी बोलत नाहीत. चहाबी सासूबाईच्या हातूनच घेतात.

सांगा बायाहो, तुमी काय केलं असतं?