बाबांना सापडेल असं घर

घर शोधायला निघालं की ज्यांनी स्वतः कधी घर बदललं नाही, ते सगळ्यात जास्त सल्ले देतात. भिलाईतल्या एका खासगी रुग्णालयाच्या लॅबमध्ये मला नोकरी लागली आणि गोंदियाकडच्या आमच्या तालुक्याच्या गावातून बाबांना घेऊन इकडे यायचं ठरलं, तेव्हा महिनाभर मी असे उंटावरून शेळ्या हाकणारे सोसले. पाणी बघा, हवा बघा, पार्किंग बघा. माझ्याकडे गाडी नाही हे सांगितल्यावरही पार्किंग बघायला सांगणारे होते.

मला एकच गोष्ट बघायची होती. बाबा हरवता कामा नयेत.

बाबा तेव्हा सत्तरी ओलांडलेले. आई गेल्यावर ते विसरायला लागले. आधी चष्मा, मग जेवण झालं की नाही ते, मग घराकडे वळायचा रस्ता. नोकरीभर ते जमीनमोजणीच्या खात्यात होते. साखळी घेऊन शेतं मोजायची, हद्दी ठरवून द्यायच्या. चाळीस गावांचे बांध त्यांना पाठ होते, आणि एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊसुद्धा त्यांनी रोवलेला दगड मान्य करायचे. असा माणूस आपल्याच दारात उभा राहून 'हे कोणाचं घर' असं विचारायचा, तेव्हा मला रडू येण्याआधी राग यायचा. राग त्यांच्यावर नसायचा, पण निघायचा त्यांच्यावरच.

डॉक्टरांनी बजावलं होतं की त्यांना कोंडून ठेवू नका, चालू द्या. मी एकुलती एक, आणि लग्नाचा विषय कधीच मिटलेला. सकाळी आठ ते चार मी कामावर असणार. म्हणजे वस्ती अशी हवी होती की जी माझ्या पगारात बसेल आणि जिच्यात एकटा फिरणारा म्हातारा सुखरूप राहील.

लॅबमधल्या एक ज्येष्ठ बाई वर्ध्याकडच्या होत्या. त्यांचे यजमान प्लांटमध्ये, म्हणजे इथल्या पोलाद कारखान्यात, क्लार्क. त्यांनी पहिल्याच दिवशी मला पंखाखाली घेतलं आणि दोन रविवार माझ्यासोबत घरं बघत हिंडल्या, हे उपकार मी विसरणार नाही. आधी शेजारच्या दुर्गला, पद्मनाभपुरात एक वरचा मजला बघितला. छान होता, पण भाडं ऐकून नाकापेक्षा मोती जड झाला. पावर हाउस भागातल्या बाजारालगत एक खोली होती, तिच्या दारातूनच ऑटो जात होते. रेल्वेलाइनपलीकडच्या कैंप-1 या दाटीवाटीच्या वस्तीचं नाव मी नुसतं काढलं तर बाई थांबल्याच.

"तिकडं कावून जाता? अकेली बाई, संग म्हातारा माणूस. सेक्टर म्हणजे सेक्टर. रुंद रोड, झाडं, शांती. आमाले तीस वर्षं झाली, कोणाचा आवाज नाही."

मला पटलं. प्लांटने आपल्या कामगारांसाठी आखून वसवलेल्या सेक्टरात एका निवृत्त कर्मचाऱ्याचं लीजवरचं क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे पेरूचं झाड. भाडं ताणून बसत होतं. बाबांच्या खिशात मी एक चिठ्ठी घातली. तिच्यावर सडक नंबर, क्वार्टर नंबर आणि माझा फोन. आता काय बिशाद बाबा हरवतील, असं मला वाटलं. आपल्या हुशारीवर मी खूश होते.

आठव्या दिवशी दुपारी फोन आला. बाबा दोन सडका पलीकडच्या एका क्वार्टरमध्ये जाऊन बसले होते. व्हरांड्यात चपला काढल्या, आत गेले, खुर्चीवर बसले आणि त्या घरच्या सुनेला म्हणाले, "बाई, च्या टाक." ती बिचारी घाबरून मागच्या दाराने शेजारी पळाली. मी धावत गेले, माफी मागितली. ती माणसं चांगली होती, त्यांनी मलाच पाणी दिलं. पण निघताना मी वळून बघितलं, तर तोच व्हरांडा, तोच रंग, तीच जाळी, तसंच पेरूचं झाड. त्या सडकेवरची सगळी घरं तशीच, आणि पुढच्या सडकेवरची पण. मला स्वतःला आमचं क्वार्टर नंबर वाचूनच सापडत होतं.

पुढच्या दीड महिन्यात असं तीनदा झालं. बाबांना चिठ्ठी दाखवायची आठवण राहायची नाही आणि त्या रुंद, शांत रस्त्यांवर दुपारी विचारायला माणूसच नसायचं. प्रत्येक वेळी मी बाबांवर ओरडले. "नंबर वाचता येते न तुमाले? मंग वाचत कावून नाही?" ते खाली मान घालून ऐकायचे. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

मग तो दिवस आला. चार वाजता घरी आले तर दार सताड उघडं आणि डबा तसाच भरलेला. सडकेमागून सडक पालथी घातली. कोणी पाहिलं नव्हतं. पाच वाजायला आले आणि माझ्या डोक्यात रेल्वेलाइन घुसली ती निघेना. तेवढ्यात फोन वाजला. एक बाई छत्तीसगढी वळणाच्या हिंदीत म्हणाली, "आपके बाबूजी हमारी चक्की में बैठे हैं. चिंता मत करो, खाना खा लिए हैं. मैंने खिसा देखा तो परची मिली."

चक्की होती कैंप-1मध्ये. म्हणजे बाबा सेक्टर सोडून, मोठा रस्ता आणि रेल्वेचा अंडरब्रिज ओलांडून तिकडे पोचले होते. कसे, ते देव जाणे. मी ऑटोतून उतरले तेव्हा ते पिठाच्या पोत्याला टेकून, भुवयांवर पीठ घेऊन बसले होते. चक्कीवाली माझ्याच वयाची, डोक्याला फडकं बांधलेली. तिला ते मोजणीच्या गोष्टी सांगत होते आणि ती दळता दळता हुंकार देत होती. माझा संताप तिथेच फुटला.

"कुठं कुठं शोधलं मी तुमाले! घर सोडून इतक्या दूर कावून आले?"

बाबा शांतपणे म्हणाले, "हरवलो कुठं? नळाजवळून आलो, मंग निळा दरवाजा, मंग लिंबाचं झाड तारेनं बांधलेलं, मंग हे चक्की. परत जाऊन दाखवू काय?"

आणि खरंच दाखवलं. मी मागे, ते पुढे. चक्कीपासून झाड, झाडापासून निळा दरवाजा, दरवाजापासून नळ आणि परत. एकदाही चुकले नाहीत. दोन तासांत त्यांनी ती गल्ली पाठ केली होती. सेक्टर दीड महिन्यात पाठ झाला नव्हता.

तिथे उभ्या उभ्या माझ्या डोक्यात उजेड पडला. मोजणीवाला माणूस. लहानपणी मी त्यांच्यासोबत शेतावर जायची तेव्हा ते म्हणायचे, नकाशावरचा नंबर कागदावर राहतो, जमिनीवर खूण पाहावी. चिंच, विहीर, बांध. त्यांच्या डोक्यातले नंबर पुसले गेले होते, खुणा ओळखणारा भाग अजून शाबूत होता. आणि मी त्यांना शहरातल्या अशा भागात नेऊन ठेवलं, जिथे एक घर दुसऱ्यापासून ओळखायला नंबराशिवाय काही नाही. वर त्यांनाच रागावले. कैंप-1च्या त्या गल्लीत मात्र कोणतंही घर दुसऱ्यासारखं नव्हतं. ज्याला जसं सुचलं, जसे पैसे आले, तसं बांधलेलं. कुठे ओटा पुढे आलेला, कुठे जिना रस्त्यात उतरलेला.

"इकडं खोली मिलेल काय?" मी चक्कीवालीला विचारलं. घाईत मराठीतच विचारलं, तरी तिला समजलं. चक्कीच्या समोरच दोन खोल्या रिकाम्या होत्या.

लॅबमधल्या बाई चार दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. पण खरा घाव घातला तो बाबांनीच. सामान लावून झालं, त्या संध्याकाळी त्यांचं डोकं नेमकं लख्ख होतं. पत्र्याचं छप्पर, दारापुढची नाली, समोर घरघरणारी चक्की, सगळं त्यांनी नीट बघितलं आणि म्हणाले, "जिंदगीभर सरकारी नोकरी केली मी. कोणाचा एक पैसा नाही खाल्ला. अन् तू मले इथं आणून टाकलं. तुही माय असती तर नसतं आणलं." मग भिंतीकडे तोंड करून झोपले. कितीतरी दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. बाकी सगळं विसरणारा माणूस तो राग मात्र विसरत नव्हता. आपण पुन्हा चुकलो, या धास्तीने मी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून रडायची.

वस्ती काही स्वर्ग नव्हती. नळावर भांडणं व्हायची. लग्न कोणाचंही असो, लाउडस्पीकर आमच्याच पत्र्याकडे तोंड करून असायचा. आणि चौकशा! पगार किती, लग्न का नाही केलं, भाजीत गूळ का घालता. पहिला महिना मी दातओठ खाल्ले. मग हळूहळू कळलं की ज्या नाकांनी माझ्या भाजीतला गूळ हुंगला, तीच नाकं दिवसभर बाबांच्या मागावर आहेत.

बाबा सकाळी जेवून निघत आणि गल्लीतून फेऱ्या मारत, पावलं मोजत. त्यांना कोणी अडवत नसे. फक्त बातमी पुढे जाई. चक्कीवाली पुढच्या न्हाव्याला ओरडून सांगे, "बाबूजी ओही डहर गे हे!" म्हणजे, बाबूजी तिकडेच निघालेत. न्हावी कात्री न थांबवता मान हलवी. ही पहाऱ्याची पद्धत कोणी बैठक घेऊन ठरवली नव्हती, मी तर कोणाला विनंतीही केली नव्हती. विनंती करायला आधी सुचायला तर हवं.

गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे एक पंक्चरवाला बसतो. त्याचं मला फार उशिरा कळलं. बरं नव्हतं म्हणून एका दुपारी मी लवकर निघाले, तर बाबा रस्त्याच्या तोंडाशी पोचलेले. समोरून ट्रक जात होते. पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यातून काढली, हात पुसले आणि म्हणाला, "बाबूजी, मेरी दुकान की हद बता दो ना. बगलवाला झगड़ा कर रहा है."

बाबा थबकले. त्यांची पाठ ताठ झाली. त्यांनी दुकानाची टपरी इकडून तिकडून पावलांनी मोजली, शेजारच्या हातगाडीकडे संशयाने बघितलं आणि म्हणाले, "बराबर नाप को फीता लगता. घर से लाता मैं." आणि टेप आणायला वळून गल्लीत परत चालायला लागले. घरी पोचेपर्यंत टेपचं विसरून गेले.

मी पंक्चरवाल्याला विचारलं, शेजारी खरंच भांडतो का? तो लाजून हसला. "रोज का है, दीदी. दिन में दो-तीन बार. रोकूं तो बुरा मानेंगे. काम बता दो तो खुद ही लौट जाते हैं."

मी तिथेच रस्त्याच्या कडेला रडले. कृतज्ञता हा शब्द मला भाषणातला वाटतो, पण दुसरा नाही माझ्याकडे. माझ्या वडलांना हा माणूस दिवसातून तीनदा ट्रकांपासून परत फिरवत होता, आणि तेही त्यांचा मान राखून. मी स्वतः त्यांच्याशी इतक्या हुशारीने आणि इतक्या मायेने कधी वागले नव्हते. त्या दिवसापासून माझं बाबांवर ओरडणं सुटलं. अगदी सुटलं असं नाही, पण कमी झालं.

या वस्तीत आता आम्हाला पाचवं वर्ष आहे. बाबांचं बोलणं बरंच कमी झालंय, फेऱ्याही निम्म्यावर आल्यात. मागच्या महिन्यात कामावरून परतताना मी गल्लीच्या तोंडाशी ऑटोतून उतरले, हातात दोन जड पिशव्या. बाबा पंक्चरच्या दुकानासमोर स्टुलावर बसलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत मी नव्हते. एखाद्या परक्या बाईकडे बघावं तसं, अदबीने बघत होते. असं पहिल्यांदाच झालं.

"कोण पायजे बाई तुमाले?" ते उठून म्हणाले. पिशव्यांकडे बघून त्यांनीच अंदाज बांधला. "घर पाहून राहिल्या काय?"

मला 'बाबा' म्हणवेना. मी म्हटलं, "हो."

"मंग इथंच पाहा. माणसं चांगली आहेत." ते माझ्यासोबत चालू लागले, अर्धं पाऊल पुढे, पाहुण्याला वाट दाखवावी तसे. न्हाव्याची कात्री थांबली. चक्कीवालीने पट्टा थांबवला. आमच्या दाराशी येऊन बाबा उभे राहिले.

"हे आमचं. माह्या पोरीनं पाहिलं. मी तिच्यावर लय रागावलो होतो तवा. नाही नाही ते बोललो." त्यांनी उंबऱ्यावरची धूळ पायाने बाजूला सारली. "तिनं बराबर केलं होतं. पण तिले सांगाचं राहूनच गेलं. ती दिवसभर कामावर राहते, अन् माह्या ध्यानात राहत नाही. तुमी इथं राहाले आल्या, तर तिले सांगजा काय?"

"सांगीन," मी म्हटलं.