दौऱ्यावर जाणाऱ्या मंदाताई

"मागच्या महिन्यात दौरा झाला, म्हणून रजेवर होते," मंदाताई ढोबळे पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या. मी विमा कंपनीतला माणूस, सांगलीहून नुकताच बदलून जयपूरला आलेलो. आमच्यात दौरा असतो तो साहेबांचा. मी अदबीनं विचारलं, "कुठला? जोधपूर की बिकानेर?"

"स्वयंपाकघर ते मोरी!" असं म्हणून बाई जिन्याचा कठडा धरून हसत सुटल्या. हिंदीत फिट येण्याला दौरा म्हणतात, हे त्यांनीच मग मला समजावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना मात्र तो घोळ इतका आवडला, की तेव्हापासून फिट आली की "दौऱ्यावर जाऊन आले जी" असंच सांगायच्या.

शास्त्री नगरात त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहत. नोकरी रेल्वेच्या विद्युत विभागात. वीस वर्षं जयपुरात काढूनही बोलणं अस्सल नागपूरचं आणि आवाज तीन घरांना पुरेल एवढा. शेजारीपाजारी सगळ्यांना त्यांनी पढवून ठेवलं होतं, "कुशीवर वळवा, घड्याळ पाहा, पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखान्यात न्या. अन् कांदा हुंगवू नका जी, तो पोह्यात टाका!"

त्यांचा जीव मात्र अडकलेला होता इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात. राजा पार्कातल्या हॉलमध्ये कार्यक्रम व्हायचे आणि रंगमंचाची प्रकाशयोजना बारा वर्षं मंदाताईंकडे होती. त्या वर्षी केळकर नावाचे बँकेतले गृहस्थ सचिव झाले. बाईंना फिट येते हे कळल्यावर ते हबकलेच. "फिटवाल्यांना लाइट चालत नाही," असं म्हणून त्यांनी मंदाताईंना प्रसादाच्या टेबलावर बसवायचं ठरवलं.

त्या दिवशी बाई हसल्या नाहीत. "प्रसाद तर कोणीबी वाटंल हो," त्या मला म्हणाल्या, "लाइट मलेच जमते." त्यांचे डोळे भरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. मला केळकरांचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी बाई सभेत फाइल घेऊन हजर. "डॉक्टरनं डोळ्यासमोर दिवा लुकलुकवून तपासलं हाय. काई झालं नाही. फिटवाल्या शंभरातल्या तीन-चार जणांनाच लाइटचा त्रास होते, पोरासोरांत जरा जास्त. मी त्यातली नाही. माझा दौरा निघते झोप बुडाली की!" केळकरांनी रिपोर्ट उलटसुलट वाचला आणि मुकाट्यानं कामगिरी परत दिली. टाळी मी वाजवली.

चूक भरून काढायची म्हणून केळकरांनी कार्यक्रमातल्या महिषासुराच्या युद्धनाचासाठी हौसेनं एक भराभर उघडझाप करणारा दिवा आणला. मंदाताईंनी तो एकदा लावला आणि प्लग काढला. "हे नाही चालणार."

केळकर भडकले. "अहो, तीन-चारच ना? तुम्हीच म्हणालात! आणि तुम्हाला तर काही होत नाही."

"मले नाही होत. पण ते तीन-चार बी कुठंतरी खुर्चीवर बसतच असतील न? आपल्या हॉलमधी नसतील, असं लिहून देता का?"

लिहून द्यायचं म्हटल्यावर बँकेच्या माणसानं दिवा परत खोक्यात भरला. महिषासुराचं युद्ध साध्या, स्थिर, लाल उजेडात झालं. खोटं कशाला बोलू, जरा मिळमिळीतच वाटलं मला.

कार्यक्रमानंतर मी वायरी गुंडाळायला मदत करत होतो, तेवढ्यात एक बाई तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीला लुकलुकत्या दिव्यांनी फिट येते, म्हणून कुठंही गेल्या तरी त्या दारातच चौकशी करतात. इथं तसले दिवे नाहीत म्हटल्यावर शेवटपर्यंत बसल्या होत्या.

मुलगी अडखळत म्हणाली, "आंटी, मतलब... दरवेळी फाइटचा सीन आला की मम्मी मला बाहेर नेते. आज मी पहिल्यांदा महिषासुरला मरताना पाहिलं."

मंदाताईंनी तिला जवळ ओढलं. तीन घरांना पुरणारा तो आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"मंग?" त्या कशाबशा म्हणाल्या, "नीट मेला न वो बाई?"