विहीणबाईंच्या आईची आई

मुलीच्या बाळंतपणासाठी मी पुण्याहून अमेरिकेत वेस्ट विंडसरला पोचले, तेव्हा विहीणबाई न्यू मेक्सिकोहून आधीच येऊन बसल्या होत्या. एका स्वयंपाकघरात दोन विहिणी, म्हणजे आता रोज मानपान सांभाळा, असं पुटपुटतच मी बॅग उघडली. पण या बाईंना मानाची साडी नको होती की काही नको होतं. त्यांना आईकडून आपण कोणाच्या, हे हवं होतं.

त्यांची आई त्यांच्या लहानपणीच गेली. वडिलांकडचं घराणं त्यांना तोंडपाठ होतं. स्पॅनिश राजाच्या काळात कोण पूर्वज घोड्यावरून मेक्सिकोतून वर आला, त्याच्या कथा घरात चालत. आईकडचं मात्र कोणी बोललंच नव्हतं. आता डोळे अधू होत चालले होते, आणि नात जन्माला यायच्या आत तिच्यासाठी त्या बायकांची नावं लिहून ठेवायची, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. त्यांच्या गावच्या चर्चमधल्या लग्नांच्या नोंदी आता इंटरनेटवर बघायला मिळतात, पण जुन्या पाद्र्यांचं अक्षर काही त्यांना दिसेना.

मला दिसत होतं, पण स्पॅनिशचा गंध नव्हता. मग आमची जोडी जमली. मी एकेक अक्षर इंग्रजीत सांगायचं, त्यांनी डोळे मिटून त्याचा शब्द करायचा. दुपारी मुलगी आडवी झाली की आम्ही लॅपटॉप घेऊन बसायचो.

त्यांच्या आईच्या आईच्या, म्हणजे आजीच्या लग्नाची नोंद लवकर सापडली. वर, वधू, मग दोघांचे आईवडील, असा पाद्र्यांचा क्रम. गाडी अडली ती आजीच्या आईपाशी. तिचं स्वतःचं लग्न काही केल्या मिळेना. दुपारमागून दुपार गेली. मी त्या पाद्र्यांच्या धांदरटपणाला नावं ठेवत होते. काय ती माणसं, नवऱ्याचं आडनाव एक लिहितात आणि बायकोचं भलतंच. मी आपली वाचता वाचता दुरुस्त करून घेत होते, आणि त्याबद्दल स्वतःवर खूशही होते.

एका दुपारी मुलगी पाणी प्यायला उठली आणि माझ्या खांद्यावरून डोकावली.

"आई, तू वेगळंच काहीतरी वाचतेयस. हिचं सरनेम हे नाहीये."

मी तिला समजावलं की नवऱ्याचं हे आहे, म्हणजे तिचंही हेच असणार.

"अगं, मी तरी कुठे चेंज केलंय?"

विहीणबाईंनी डोळे उघडले. त्यांच्याकडे पूर्वी बाई बापाचं आडनाव मरेपर्यंत लावत असे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण त्या गावात चुलतभावंडांची लग्नंही होत, म्हणून त्यांनी माझ्या तोंडून आलेलं एकच आडनाव खरं धरलं होतं. मी ओशाळले. माझ्या लेखी बाई बोहल्यावरून उतरली की तिचं आडनाव गेलंच. आमच्याकडे तर ताटातल्या तांदळांत अंगठीनं नवं नाव लिहीत, आणि आईबापांनी ठेवलेलंही जाई.

आता पाद्र्यानं लिहिलं होतं तसंच वाचलं, आणि मग काही अडलं नाही. आजीची आई सापडली. तिच्या लग्नात तिची आई, त्या आईच्या लग्नात तिची. अमेरिकेचा अंमल मागे पडला, मेक्सिकोचा मागे पडला, स्पॅनिश राजाचा आला, तरी बायका आपापल्या नावानं उभ्याच. सगळ्यात जुन्या नोंदीतले वधू-वर जवळच्या नात्यातले निघाले, म्हणून पाद्र्यानं परवानगीसाठी त्यांची वंशावळ काढली होती. तिच्या दोन फांद्या वर जाऊन एकाच बाईपाशी मिळत होत्या. खाली साक्षीदारांच्या नुसत्या फुल्या. सही कोणालाच येत नव्हती. त्या बाईलाही बहुधा स्वतःचं नाव लिहिता येत नसेल, आणि ते नाव इतक्या लांबून माझ्या मुलीच्या जेवणाच्या टेबलावर येऊन पोचलं होतं. मी अक्षरं सांगितली. विहीणबाईंनी ते नाव हळू आवाजात उच्चारलं, पुन्हा उच्चारलं, आणि स्क्रीनवर तळहात ठेवला. माझी कोण लागत होती ती? पण मीही रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळी नावं मोठ्या अक्षरांत लिहून काढली. मग एक कोरा कागद घेतला, तळाशी नातीसाठी जागा सोडली आणि पेन माझ्या हातात दिलं.

"माझी ओळ माझ्यापाशी संपली," त्या म्हणाल्या. "मला एकच मुलगा. या मुलीच्या आईची आई तुम्ही. आता तुमच्या बायका सांगा."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी मुलीचं नाव लिहिलं. त्यावर माझं, हट्टानं माहेरचं. आईचंही माहेरचं येत होतं. आजीचं लिहायला घेतलं आणि हात थांबला. मला ठाऊक असलेलं नाव तांदळांतलं होतं.

साताऱ्याला मामाला फोन लावला. आजीच्या लेकरांपैकी तो एकटाच उरलाय. तिचं माहेरचं नाव काय, म्हणून विचारलं.

"अगं, आम्ही तिला आईच म्हणायचो," तो म्हणाला.

विहीणबाई कागद धरून बसल्या होत्या. मी त्या जागी 'आई' लिहिलं.