मॅनिफोल्डच्या भोकात खर्ऱ्याची पन्नी

मित्रहो, आमच्या गावच्या उस्ताद मिस्त्रीच्या अकलेले आज माझा कोपरापासून नमस्कार!

माझ्या जुन्या व्हॅनचा गॅस किट त्यानं मागच्या महिन्यात काढला. किटची नळी गेली, पण कार्बोरेटरखालच्या मॅनिफोल्डवर, म्हंजे इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळकांड्यावर, तिचं भोक उघडंच राहिलं. तिथं रबराची टोपी लावा लागते, नाई तं फालतू हवा आत घुसून इंजिन बंद पडते. बोटाच्या पेराएवढी टोपी! ते बी याच्याजवळ नाई. मग यानं तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची प्लास्टिकची पन्नी गोळा करून भोकात कोंबली, वरून रबर बँड गुंडाळला आन म्हणे, "आता हवेचा बाप बी आत जात नाई, भाऊ."

आज मायले घेऊन दिघोरीहून भंडाऱ्याले जाऊन राहिलो होतो. वैनगंगेच्या पुलावर इंजिन आधी भणाणलं, मग बंदच पडलं. मागं ट्रकवाले हॉर्न वाजवून राहिले, बाजूले माय देवाचं नाव घेऊन राहिली.

कशीबशी ढकलत पुढच्या गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रीनं वितळलेली पन्नी चिमट्यानं ओढून काढली, टोपी बसवली, क्लिप लावली. गाडी लगेच शांत चालू झाली.

मी उस्तादाले तोंडभर शिव्या देऊन राहिलो होतो, तर माय म्हणे, "काहून रे, ते पन्नी त्याले देली कोनं?"

मीच देली होती. खर्रा तोंडात टाकून, रिकामी पन्नी त्याच्या हातात. वरून "एक नंबर जुगाड, उस्ताद!" बी मीच म्हटलं होतं.

आता तुम्ही बी खरं सांगा, तुमच्या गाडीत कोनाची पन्नी हाये?