रस्ता परत खात्याकडे आला तेव्हा
पहिला फटका आबांच्या कानावर बसला. उसाचा होता. शेजारीच कारखान्याला निघालेली ट्रॉली उभी होती आणि लोकांनी तिच्यातूनच ऊस उपसले होते. उसाचा मार काठीपेक्षा वाईट, हे मला त्या सकाळी कळलं. ऊस मोडतो, मोडलेल्या टोकाला धार येते आणि पुढचा फटका कातडं फाडत जातो.

आबा म्हणजे आमचे मुकादम. सगळी उमर त्यांनी सरकारी बांधकाम खात्यात मैलकुली म्हणून काढली होती. तेव्हा प्रत्येक मैलकुलीकडे रस्त्याचा ठरलेला तुकडा असायचा. खड्डा, गटार, साइडपट्टी, कडेची झुडपं, सगळं त्यानंच बघायचं. आबांचा तुकडा न्हावऱ्याकडून दौंडच्या बाजूला भीमेच्या पुलापर्यंत. ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही आणि रस्त्याची देखभाल ठेक्यानं दिली गेली. ठेकेदाराला रस्ता ओळखणारा माणूस हवा होता, म्हणून त्यानं आबांनाच पुन्हा उभं केलं. त्यांच्या हाताखाली आम्ही पाचजण. मी बारावी झालेली, पण लग्नानंतर हातात फावडंच आलं.

पुलाच्या अलीकडच्या वळणावर गाडीचं अर्धं चाक बसेल एवढा खड्डा पडला होता. आबांनी सुपरवायझरला तीनदा सांगितलं. तो म्हणायचा, "माल आला की बघू."

त्या दिवशी सकाळी सकाळीच त्याचा फोन आला, टेम्पोत बसा म्हणून. वळणावर उतरलो तर रस्त्यावर मोटारसायकल आडवी पडलेली. खड्डा चुकवताना एक माणूस ट्रॉलीच्या चाकाखाली गेला होता. शेजारच्या वस्तीवरच्या लोकांनी त्याला नुकतंच उचलून नेलं होतं. खड्ड्यातलं पाणी लाल होतं आणि कडेला त्याची चप्पल पडली होती.

"टाका माल. पटापट. फोटो काढायच्या आत बुजला पाहिजे," सुपरवायझर म्हणाला.

"साहेब, पंचनामा व्हायचाय अजून," आबा म्हणाले.

"तुला विचारलं का रं म्हाताऱ्या?"

आबा हलले नाहीत. बाकीचे माझ्याकडे बघत राहिले. आणि मी टेम्पोतून फावडंभर डांबरखडी घेतली आणि त्या रक्तावर टाकली. काम जाईल ही भीती होती, एवढंच खरं. पहिलं फावडं माझं होतं. हे मी पुढं कितीतरी दिवस कुणाला सांगितलं नाही.

तेवढ्यात वस्तीवरची माणसं परत आली. आपल्या माणसाचं रक्त आम्ही बुजवतोय, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. सुपरवायझरनं ड्रायव्हरला हाक मारली, टेम्पोत उडी टाकली आणि दोघं निघून गेले. बाकीचे उसात पळाले. मध्ये राहिले आबा. मुकादमाची शिट्टी त्यांच्या गळ्यात होती, म्हणून सगळा राग त्यांच्यावर निघाला.

मी आडवी पडले त्यांच्या अंगावर. कुणीतरी केसाला धरून मला बाजूला फेकलं, बरगडीत लाथ बसली, श्वास अडकला. तशीच पडून मी पाहिलं, पांढऱ्या शर्टातल्या एका माणसानं साइडपट्टीचा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि आबांच्या कोपरावर घातला. वाळकं लाकूड पायाखाली मोडावं तसा आवाज आला. आबा ओरडले नाहीत. तोंड उघडं ठेवून नुसते माझ्याकडे बघत राहिले.

सरकारी दवाखान्यात कळलं, कोपर दोन ठिकाणी मोडलंय आणि डाव्या कानाचा पडदा गेलाय. तिसऱ्या दिवशी दुपारी सुपरवायझर आला. हातात लिहून आणलेला कागद आणि शाईचा डबा. टेम्पोतून उतरताना तोल जाऊन पडलो, असं त्या कागदावर होतं.

"आबा, अंगठा द्या. उगं लांबड नको."

"मी पडलो न्हाई," आबा म्हणाले.

त्यानं आबांचा चांगला हात मनगटाला धरला आणि अंगठा शाईत दाबला. आबा हात ओढायला लागले तसा त्यानं गुडघा पलंगावर ठेवून त्यांच्या छातीवर भार दिला. मोडलेला हात खाली दबला आणि आबा गुरासारखे ओरडले.

सलाइनचा लोखंडी स्टँड माझ्या हाताला लागला. मी तो त्याच्या तोंडावर मारला. तो खाली बसला, तेव्हा पुन्हा मारला. त्याचे दोन दात फरशीवर पडलेले मला दिसले, तरी मी थांबले नाही. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. दर फटक्याला छातीतली एकेक गाठ सुटत होती.

"बास! मरंल त्यो! बाई, बास!" आबा ओरडले. त्यांच्यासाठी म्हणून मी मारत होते आणि त्यांनाच माझी भीती वाटत होती. ते पाहून हात खाली आला.

माझी आणि सुपरवायझरची, दोन्हीकडून पोलीस केस झाली. ठेकेदाराकडचं काम सुटलं. आबांचं नाव तर त्याच्या कामगारांच्या यादीत नव्हतंच, असं नंतर निघालं.

महिनाभरानं पांढऱ्या शर्टातला तो माणूस माझ्या दारात उभा राहिला. त्या खड्ड्यापायी मेलेल्याचा सख्खा भाऊ.

"ताई, दगड मी घातला. चौकीत बी सांगून आलोय. पर मला कळू द्या, तो खड्डा बुजवायचं काम नक्की कुणाचं होतं?"

मी सगळं सांगितलं, माझं फावडं सोडून. तो म्हणाला, हेच ग्रामसभेत सांगा.

ग्रामसभेत मी उठले. आबांनी तीनदा सांगितल्याचं बोलले, त्या सकाळी सुपरवायझरनं केलेल्या फोनचं बोलले. समोर मेलेल्याची आई बसली होती. तिच्याकडे बघून माझी जीभ अडखळली आणि आतलं बाहेर आलं. "पहिलं फावडं मी टाकलं."

ती उठली, चालत आली आणि माझ्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. कुणी अडवलं नाही, मीही तोंड फिरवलं नाही. मग ती खाली बसली आणि म्हणाली, "लिवा आता. रस्त्याला मालक पायजे. ज्याच्या दारात जाऊन विचारता येतंय असा."

तो ठराव झाला: ठेका नको, खात्याची स्वतःच्या मजुरांची गँग परत द्या. आजूबाजूच्या गावांनीही केला. वर्षानं ठेका संपला आणि आमच्या उपविभागात खात्यानं स्वतःची माणसं पुन्हा घेतली. सुपरवायझरबरोबरची माझी केस तोवर तडजोडीनं मिटली होती. मला हजेरीपटावर घेतलं. आबांचं वय गेलं होतं आणि हात सरळ होत नव्हता. त्यांना घेतलं नाही.

दगड घालणारा त्यांच्याकडे माफी मागायला गेला होता. मी तिथंच होते. आबा म्हणाले, "माफ केलं म्हणाया काय जातंय? पर आंघूळ करताना पाठीवर पाणी घेता येत न्हाई, तवा तुझंच तोंड दिसतंय मला." तो खाली मान घालून निघून गेला. पुन्हा आला नाही.

गँगच्या पहिल्याच आठवड्यात ठेकेदाराची माणसं दोन गाड्या भरून आली. त्यांनी तापलेल्या डांबराच्या पिंपाला लाथ घातली आणि आमच्यातल्या एकाच्या दोन्ही पावलांची सालटी निघाली. आमचे शाखा अभियंता तिथंच होते. गडी किरकोळ, चष्म्यावर दगड बसून भुवई फुटली. पण पोलीस येईपर्यंत ते आमच्यापुढून हलले नाहीत. फिर्यादीवर पहिली सही त्यांची होती.

आता माझ्या तुकड्यावर माझ्या शाखेचा आणि माझा फोन नंबर लिहिलेली पाटी आहे. लोक फोन करून आईबहिणीवरून शिव्या देतात. मी ऐकून घेते आणि कुठला खड्डा ते विचारते.

मागच्या महिन्यात काम चालू म्हणून अर्धा रस्ता अडवला होता. एक गाडीवाला उतरला, माझी कॉलर धरली आणि मला खांबावर आपटलं. माझ्या हातात खडी ओढायचा लोखंडी पंजा होता. त्या गाडीवाल्याचे दात मला अगदी स्पष्ट दिसत होते, दवाखान्यात फरशीवर पडलेल्या त्या दोन दातांसारखे. मी पंजा खाली टाकला आणि ऑफिसला फोन लावला. नंबर दोनदा चुकला. बरोबरची बाई म्हणाली, "घाबरलीस व्हय?"

मी व्हय म्हणाले. ते खरं नव्हतं.