व्यंकटरावाचे इंग्रजी बैल

बेलवाडीच्या व्यंकटरावाला इंग्रजी येत होतं. हे त्यानं स्वतःच जाहीर केलेलं, आणि डोंगरकड्यापर्यंतच्या शिवारात दुसऱ्या कुणालाच ती येत नसल्यामुळं त्याला खोटं पाडायची सोय नव्हती.

निजामाचं राज्य. परभणीच्या मदरशात सगळं शिक्षण उर्दूत चाले. व्यंकटराव तिथं दोन वर्षं बसला आणि दोन्ही वर्षी नेमका इंग्रजीच्या इम्तहानात आपटला. दुसरा कुणी असता तर गुपचूप औताला लागला असता. हा गावात उतरला तो डोक्यावर साहेबी टोपी घालून, आणि पायांत असे बूट घालून की बिचारे पाय रडत होते. तोंडात मात्र परभणीच्या मास्तरानं शिकवलेली एकच गोष्ट पक्की बसली होती. पुढची दहा वर्षं त्यानं गावाला तीच एक गोष्ट चघळायला लावली.

"इंग्रजाचं क्रियापद बिनशेपटाचं चालत न्हाई," असं तो पारावर बसून, नाकाचा शेंडा आभाळाकडं लावून सांगायचा. "गेट म्हंजे मिळणं. पन त्याला अप लावलं की उठणं. इन लावलं की आत येणं. आउट लावलं की चालता हो. शबूद तोच, शेपूट बदललं की जनावर बदललं. समजलं?"

"समजलं की," लोक म्हणायचे. आणि तो घराकडं वळला रे वळला की कुणीतरी नाक वर करून, भुवई ताणून, शेवटचा शब्द विहिरीत बादली सोडल्यासारखा लांबवून म्हणायचं, "गेट आऊऊट!" पार हसून हसून लोळायचा.

त्याच्या तावडीतून सुटायचं नशीब दोघांच्या वाट्याला नव्हतं. एक त्याची बायको पार्वतीबाई आणि दुसरा सालगडी संतराम. संतराम कडबा तोडत असला तरी व्यंकटराव समोर उकिडवा बसून धडा सुरू करायचा.

"अंगात घालायचं म्हंजे पुट ऑन. आता काढायचं म्हंजे काय?"

"पुट ऑफ, मालक."

"चूक! काढायचं म्हंजे टेक ऑफ. पुट ऑफ म्हंजे आजचं काम उद्यावर ढकलनं."

"ते तर आमाला आधीच येतंय," संतराम म्हणाला.

"आन पुट अप विथ. तीन शबूद, अर्थ एकच. सोसणं."

"हे बी येतंय, मालक. तुमच्यात सालदार हाय मी."

चुलीपुढं पार्वतीबाईलाही सुटका नव्हती. "लुक फॉर म्हंजे धुंडणं. लुक आफ्टर म्हंजे सांभाळणं. आफ्टर म्हंजे मागून, पन मागून बघणं न्हाई बरं का!"

"अवं, मंग माझ्या बापानं तुमाला काय सांगून पोरगी दिली व्हती?" पार्वतीबाई भाकरी थापटत म्हणाली. "लुक आफ्टर तर आजपातूर दिसलं न्हाई. आता लाकडं आना, न्हाईतर जेवायचं पुट ऑफ व्हईल."

माणसं अशी उलटून बोलतात म्हटल्यावर व्यंकटरावानं उलटून न बोलणारे विद्यार्थी शोधले. तांड्यावरच्या नेमसिंगाकडून त्यानं दोन गोऱ्हे आणले. नेमसिंगाच्या आज्यापणज्यानं बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूख पालथा घातलेला, त्यामुळं त्याच्याकडचं जनावर नावाजलेलं. गोऱ्हे पांढरेशुभ्र, कानाचे तिखट. हिंगोलीत पूर्वी गोऱ्यांची छावणी होती, त्या आठवणीनं व्यंकटरावानं त्यांची नावं ठेवली कर्नल आणि मेजर. आणि गावाला बजावलं, "ह्यांच्याम्होरं मराठीचा एक शबूद कुनी काढायचा न्हाई."

गोऱ्हे मराठी मुलखात जन्मून इंग्रजीत मोठे झाले. कम ऑन म्हटलं की चालायचे, होल्ड ऑन म्हटलं की थांबायचे, टर्न राउंड म्हटलं की शेताच्या धुऱ्यावर वळायचे, बॅक अप म्हटलं की गाडी मागं रेटायचे, सिट डाऊन म्हटलं की गुडघे मोडून बसायचे, आणि गेट अप म्हटलं की उठायचे. पहिल्यांदा ते बसले तेव्हा व्यंकटरावानं गाव गोळा केलं होतं. स्वतः ज्यात दोनदा पास झाला नाही, त्यात त्यानं बैलांना पास करून दाखवलं.

नेमसिंग ते बघायला मुद्दाम आला होता. मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "पाटील, समदं बराबर हाय. पन इकायचे झाले तर लंडनचा बाजार कोन्या वारी भरतो, ते इचारून ठेवा."

विकायचा प्रश्नच नव्हता. व्यंकटरावाचा डोळा दुसरीकडंच होता. बेलवाडीत पोळ्याच्या दिवशी वेशीत तोरण बांधतात. त्याखालून पहिली जी जोडी जाते ती मानाची, आणि ती जाईपर्यंत बाकी गाव बैल धरून मागं उभं. हा मान व्यंकटरावाच्या चुलतभावाच्या, उत्तमरावाच्या घराण्यात आज्यापासून चालत आलेला. दर पोळ्याला उत्तमरावाचे बैल पुढं आणि त्यांच्या शेपट्या बघत व्यंकटराव मागं. ही गोष्ट त्याला लहानपणापासून बुटापेक्षा जास्त चावायची. त्या साली श्रावणात उत्तमरावाचा जोडीचा एक बैल पान लागून, म्हणजे साप चावून मेला. फुटकी जोडी मानाला चालत नाही. जाणत्यांनी बसून ठरवलं, औंदा व्यंकटरावाची जोडी पुढं. नीट पार पडलं तर मान त्याच्या दाराला राहील. पण पोळ्याला एक गोष्ट कुणालाच माफ नव्हती. बैलाचा हा एकच दिवस. त्या दिवशी चाबूक नाही, काठी नाही, शेपूट पिळणं नाही. बैलाला जो हात लावील त्याचा मान गेला, मग तो कुणी का असेना.

"चाबूक लागतो कुनाला?" व्यंकटराव हसला. "आमचं काम तोंडी असतंय."

आदल्या संध्याकाळी घरोघरी बैलांचे खांदे तुपाहळदीनं मळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन देतात. व्यंकटरावानं तेही साहेबी दिलं. कर्नलच्या कानाशी वाकून म्हणाला, "कम ओव्हर टुमारो. ईट अप. फिल अप."

"बया!" पार्वतीबाईनं कपाळाला हात लावला. "अशानं त्येंनला पुरन पोचंल का पाव-बिस्कुट?"

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तसं सगळं गाव वेशीत लोटलं. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, कपाळाला बाशिंगं, हलगी कडाडलेली. सगळ्यात पुढं कर्नल आणि मेजर. कासरा संतरामाच्या हातात, आणि बाजूला साहेबी टोपीला झेंडूचा गजरा गुंडाळून व्यंकटराव. मागं वळून त्यानं उत्तमरावाकडं असं बघितलं की जणू ते तोरण आपल्या सासऱ्यानं हुंड्यात दिलेलं.

आता पोळा म्हटलं की झडत्या आल्या. तोरणापुढं जोड्या उभ्या राहिल्या की लोक एकमेकांची टर उडवणारी कवनं म्हणतात आणि शेवटी महादेवाचा गजर करतात. त्या दिवशी जे तोंडावर ऐकवलं जाईल त्याचा राग धरायचा नाही, अशी रीतच आहे. दहा वर्षं ज्यांनी पारावर शेपटाचे धडे ऐकले होते, त्यांना एवढी मुभा पुष्कळ झाली. पारावर त्याची हुबेहूब नक्कल करणारा बाबूसिंग जवळच्या न्हाव्याच्या ओट्यावर चढला आणि भुवई ताणून सुरू झाला:

"टोपीवाला साहेब आमचा, बूट त्याला चावं,
कम ऑन म्हनून बोलवावं, न् गो ऑन म्हनून लावावं,
गेट अप म्हनून उठवावं, सिट डाऊन म्हनून बसवावं!
हर हर महादेव!"

गजर झाला. आणि गजराबरोबर, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत, कम ऑनवर दोन पावलं पुढं सरलेले कर्नल आणि मेजर तोरणाच्या बरोबर खाली गुडघे मोडून बसले.

हलगी थांबली. मग जो हशा उठला तो तांड्यापर्यंत गेला असंल.

"गेट अप!" व्यंकटराव ओरडला. बैल लगेच उठायला लागले. पुढचे पाय टेकून अर्धे उठले.

"सिट डाऊऊन!" गर्दीतून आलं, अगदी त्याच्याच नाकातून आल्यासारखं. बैल पुन्हा बसले.

"गेट अप!"

"सिट डाऊऊन!"

"कोन हाय ते? कीप आउट! शट अप!"

"शट अप!" ओट्याखालच्या एका म्हातारीनं बोळक्या तोंडानं साथ दिली, आणि बायकांच्या घोळक्यानं पदर तोंडात कोंबले. पोरं, म्हातारे, ज्यांनी आयुष्यात सही केली नव्हती ते, सगळं गाव इंग्रजी बोलत होतं. आणि चांगलं बोलत होतं. शेपूट कुठं लावायचं, कुठं काढायचं, सगळं बराबर. असे विद्यार्थी मिळाल्यावर मास्तराची छाती फुगायला पाहिजे होती. व्यंकटरावाचं तोंड मात्र लाल झालं होतं.

"मालक," संतराम हळूच म्हणाला, "लोकांनला हात जोडा. एकडाव जोडा, गप बसतील."

"मी? ह्येंच्याम्होरं?"

आणि इथंच व्यंकटराव घसरला. हात जोडायला जो हात उठला नाही, तो मेजरच्या शेपटीकडं गेला. त्यानं शेपूट धरलं आणि करकचून पिळलं. तोंडातून बैलांपुढं इतके दिवस दाबून ठेवलेली मराठी भडभडून बाहेर आली, "ऊठ की मुडद्या! ऊठ! माझी इज्जत घालवून राहिला काय रं?"

मेजर हंबरला. उठला नाही. असलं कुणी त्याला कधी बोललंच नव्हतं, त्याला बिचाऱ्याला काय कळणार?

हशा कापल्यासारखा तुटला. बैल धरून उभ्या असलेल्या माणसांनी माना फिरवल्या. पार्वतीबाई निवदाचं ताट घेऊन उभी होती, तिनं ते खाली ठेवलं.

जाणत्यांपैकी एकानंही आवाज चढवला नाही. उत्तमरावानंच पुढं होऊन सांगितलं, "व्यंकट, बाजूला घे जोडी. पोळ्याला बैलाला हात लावलास."

"अरं, पन तुमीच..."

"आमी बोललो. हात तू लावलास."

उत्तमरावाची जोडी फुटकी, म्हणून मान तिसऱ्याच घराला, तांड्याचा नाईक फुलसिंग याच्या जोडीला गेला. पण तोरणाखाली दोन बैल आडवे बसलेले. ते उठल्याशिवाय कुणीच पुढं जाऊ शकत नव्हतं, आणि बैल ज्याचे, त्यांना उठवायचा हुकूमही त्याचाच होता. आता सगळं गाव, शाळेत साहेब तपासणीला आल्यासारखं, चिडीचूप उभं राहिलं.

व्यंकटरावानं टोपी काढली. घसा खाकरला.

"गेट अप," तो म्हणाला. बैल उठले.

"बॅक अप." बैल एक एक पाऊल मागं सरले, तोरणापासून दूर, झुलीचा काठसुद्धा हलू न देता.

"टर्न राउंड." दोघं एकदम वळले, जणू एकाच दोरीनं ओढल्यासारखे, आणि वेस मोकळी झाली.

असं चोख काम त्या बैलांनी धुऱ्यावरसुद्धा कधी केलं नव्हतं. न्हाव्याच्या ओट्यावरून बाबूसिंगानं टाळी वाजवली, आणि मग सगळ्या गावानं वाजवली. हलगी पुन्हा कडाडली, तांड्याची जोडी तोरणाखालून पुढं गेली, आणि मागून सगळं गाव. व्यंकटराव भिंतीला लागून, हातात टोपी धरून, एक एक शेपूट जाताना बघत उभा राहिला.